काकूंना दिसणारे काका



धम्मबंधू-भगिनींनो, दोन-अडीच महिन्यांपूर्वी आपल्या असोसिएशनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे झाले ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने पुनर्जन्म सिद्ध केला, म्हणजे बुद्ध बरोबरच होते, असा त्याचा मथळा. दहा मिनिटांत दोन तट पडले. काही जण म्हणाले, विद्यापीठ सांगते आहे, ऐकून तर घ्या. काहींनी लगेच २२ प्रतिज्ञांची आठवण करून दिली. मग थट्टा सुरू झाली. पांढऱ्या भुताची इमोजी कोणी टाकली असेल, तर ती मी टाकली. सतरा जणांनी हसून दाद दिली.

त्या रात्री साडेदहाला मला एका काकूंचा फोन आला. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काकू पंचाहत्तरीच्या पुढच्या. १९५६ साली आईचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेल्या. घरात कधी उपवास नाही, श्राद्ध नाही, मुहूर्त नाही. मागच्या हिवाळ्यात काका गेले. फोनवर काकूंनी पहिलेच वाक्य विचारले, "ते भूत तूच टाकलं होतंस नं?"

मी काहीतरी सारवासारव केली. त्या म्हणाल्या, "तुझे काका येतात रे. पलंगाच्या डाव्या बाजूला बसतात. बोलत नाहीत काही. चष्मा पुसत बसतात."

मग पुढचे हळूहळू बाहेर आले. आपल्या इथे लाँड्री आणि पिझ्झाच्या दुकानांच्या मध्ये, खिडकीत निऑनचा लाल पंजा लावलेली सायकिकची दुकाने असतात ना, तशा एका दुकानात काकू गेल्या होत्या. पहिल्यांदा ४० डॉलर. दुसऱ्या खेपेला त्या बाईने सांगितले की काकांचा आत्मा अडकला आहे, मोकळा करायला खास मेणबत्त्या लागतील. त्याचे ७०० डॉलर. मुलगा दरमहा हातात देतो त्यातून साठवलेले. मुलाला माहीत नाही, सुनेला माहीत नाही. "आपल्या लोकांना कशी सांगू? हसतील. तू तर हसलाच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या बाईने पन्नास वर्षे कोणत्याही बुवाला दारात उभे केले नाही, तिला आपल्याच माणसांच्या हसण्याच्या भीतीने निऑनच्या पंजाकडे जावे लागले. यात तिची चूक किती आणि आपली किती, हा आजचा माझा प्रश्न आहे. तो सोडवण्याआधी मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर दोन-तीन जवळच्या लोकांनाच सांगितली होती, तीही दारे लावून.

माझे बाबा नागपूरला गेले तेव्हा मी इथे न्यू जर्सीत होतो. ऑगस्टचा महिना. रात्री मला दचकून जाग आली. खोलीत बाबा आहेत असे स्पष्ट वाटले. ते रेल्वेत होते. त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा एक वास असायचा, धुतल्यावरही न जाणारा. तो वास आला. अंगावर काटा आला. थोड्या वेळाने भावाचा फोन आला, बाबा गेले. पुढे ही गोष्ट सांगताना मी म्हणायचो, "ज्या मिनिटाला ते गेले, त्याच मिनिटाला मला जाग आली." एम.टेक. झालेला, प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळणारा माणूस मी. भूतबित मानत नाही. पण हे मला झाले होते आणि त्याचे काय करायचे ते कळत नव्हते. ग्रुपवर भूत टाकणारा माणूस हाच, हेही लक्षात घ्या.

असे अनुभव मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. १८८२ साली लंडनला सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली. ही बुवाबाजांची टोळी नव्हती. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष, आणि खोटी माध्यमे उघडी पाडण्याचे कामही तिने बरेच केले. या मंडळींनी सुमारे १७,००० लोकांना एक प्रश्न विचारला: पूर्ण जागे असताना, समोर काही नसताना, कोणी दिसले, ऐकू आले किंवा स्पर्श झाला, असे कधी झाले का? अहवाल १८९४ साली आला. जवळजवळ दहा टक्के लोकांनी हो म्हटले. दहांत एक! त्यात ज्या व्यक्तीचा भास झाला ती नेमकी त्याच सुमारास, म्हणजे आधी किंवा नंतर बारा तासांच्या आत मरण पावली होती, अशी प्रकरणे योगायोगाने यावीत त्यापेक्षा फार जास्त निघाली, असे समितीचे म्हणणे पडले. टीका लगेच झाली. जुळलेले लक्षात राहते, न जुळलेले विसरते. समितीलाही हे कळत होते, विसरलेल्या भासांसाठी तिने हिशेबात भरही घातली. पण आठवण नुसती गळत नाही, ती स्वतःला दुरुस्तही करत असते, आणि ते आकडेमोडीत पकडणे अवघड.

किती अवघड, ते मला माझ्याच फोनने दाखवले. काकूंच्या फोननंतर मी भावाबरोबरचे जुने मेसेज उघडले. त्या रात्रीचा माझा मेसेज सापडला: "जाग आली. बाबा कसे आहेत?" वेळ २.४१. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नागपूरची वेळ आहे ११.२०, म्हणजे इथली १.५०. माझी जाग पन्नास मिनिटे उशिराची होती. आणखी वर गेलो. त्याआधीच्या आठ रात्रींपैकी पाच रात्री, दोन ते साडेतीनच्या दरम्यान, माझा असाच काहीतरी मेसेज होता. बाबा दवाखान्यात होते, मी रोजच दचकून उठत होतो. उरलेल्या रात्री मी विसरलो, एक धरून ठेवली आणि पन्नास मिनिटे कधी पुसून टाकली ते मला कळलेही नाही. मी खोटे बोलत नव्हतो. लाय डिटेक्टर लावला असता तर पास झालो असतो.

मेसेज वाचून मोकळे वाटेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. पहिल्यांदा वाटले की बाबा दुसऱ्यांदा गेले. हे मुद्दाम लिहितो, कारण एखाद्याच्या अनुभवाला आपण फटकन "भ्रम" म्हणतो तेव्हा समोरच्याच्या हातून आपण काय काढून घेतो याची आपल्याला कल्पना नसते. आणि ग्रीसचा वास? तो आला होता. त्यावर माझा आजही वाद नाही. वास कुठून आला याचे उत्तर बाबांच्या आत्म्याकडे शोधायचे की अर्धवट झोपेतल्या माझ्या मेंदूकडे, एवढाच प्रश्न आहे, आणि माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे.

काकूंसाठी मात्र मला याहून उपयोगी गोष्ट सापडली. वेल्समधले एक डॉक्टर, ड्यूई रीस. त्यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा आणि विधुरांना भेटून विचारले की गेलेला जोडीदार तुम्हाला जाणवतो का. निष्कर्ष १९७१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटले. बहुतेकांना नुसते अस्तित्व जाणवायचे, काहींना जोडीदार दिसायचा, काहींना आवाज यायचा. ही माणसे वेडी नव्हती, आणि बऱ्याच जणांना त्या अनुभवाचा आधार वाटत होता. पण माझे डोळे अडकले ते दुसऱ्याच आकड्यावर. हा अनुभव आलेल्यांपैकी चारांत जेमतेम एकाने तो कोणाला तरी सांगितला होता. बाकीचे गप्प. म्हणजे शेजारच्या घरातली बाईही तेच पाहत होती आणि दोघीही एकमेकींपासून लपवत होत्या.

पन्नास वर्षे पलंगाच्या डाव्या बाजूला एक माणूस बसत होता. डोळ्यांनी पाहण्याआधीच मेंदू त्याला तिथे धरून चालतो. आपल्या धंद्यातले म्हणाल तर मूळ रेकॉर्ड डिलीट झाले आहे, कॅश अजून रिकामी व्हायची आहे. (हे मी काकूंना सांगितले नाही. माझ्या बायकोने सांगू दिले नाही.)

आता त्या व्हिडिओकडे येतो. व्हर्जिनिया विद्यापीठात असा विभाग खरोखर आहे. मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी तो १९६७ साली सुरू केला. झेरॉक्सचे तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन यांनी त्यासाठी मोठी रक्कम ठेवली होती. मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांची अडीच हजारांहून अधिक प्रकरणे तिथे नोंदलेली आहेत. पण स्टीव्हन्सन यांच्या १९६६ च्या पुस्तकाचे नाव पाहा: ही प्रकरणे पुनर्जन्म "सुचवणारी" आहेत, एवढेच ते म्हणते. "सिद्ध" हा शब्द व्हिडिओवाल्याचा.

त्यांच्या नोंदींत आपल्या नागपूरचेही एक प्रकरण आहे. विद्यापीठात शिकवणारी एक मराठी तरुणी, वय ३२, १९७४ साली एका आश्रमात ध्यान करत असताना अचानक बंगाली बोलू लागली. आपले नाव वेगळेच सांगू लागली, दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगाली बाईसारखी नेसू-वागू लागली, घरच्यांना ओळखेना. ही अवस्था कधी थोडे दिवस, कधी काही आठवडे टिकायची. तिने सांगितलेली काही पुरुषांची नावे बंगालमधल्या एका जुन्या वंशावळीशी जुळली. स्टीव्हन्सन यांनी १९८४ च्या पुस्तकात हे सविस्तर लिहिले आहे, आणि प्रामाणिकपणे हेही नोंदवले आहे की ती आधी थोडीफार बंगाली वाचायला शिकली होती. टीकाकारांनी तिथेच बोट ठेवले. संस्कृत येणाऱ्या, बंगालविषयी ओढ असलेल्या माणसाच्या मनात किती भाषा नकळत साठू शकते, हे आपण आधी तपासले का? मुलांच्या प्रकरणांवरही असाच आक्षेप आहे. बहुतेक प्रकरणे पुनर्जन्म मानणाऱ्या समाजांतली, आणि संशोधक पोचेपर्यंत दोन्ही कुटुंबे बहुधा एकमेकांना भेटून गेलेली. कोणाला काय आधी माहीत होते हे मग वेगळे काढता येत नाही.

स्टीव्हन्सन यांच्याबद्दल मला आदर आहे, तो एका कुलुपासाठी. त्यांनी आकड्यांचे एक कुलूप घेतले, त्याचा संकेत फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवला आणि ते कपाटाला लावून ठेवले. मेल्यावर शक्य झाले तर संकेत कोणाला तरी कळवीन, म्हणाले. २००७ साली ते गेले. कुलूप उघडल्याची बातमी अजून आलेली नाही. हाच प्रयोग जादूगार हूडिनीनेही केला होता: बायकोशी गुप्त शब्द ठरवून तो १९२६ साली वारला. तिने दहा वर्षे वाट पाहून १९३६ ला तो नाद सोडला. आपल्या इच्छेविरुद्ध उत्तर येऊ शकेल अशी परीक्षा आधीच लावून ठेवायची, हे काम सोपे नाही. मी माझ्या बाबांच्या बाबतीत ते टाळलेच होते ना, इतकी वर्षे? मेसेज तर फोनमध्येच होते.

कोणी म्हणेल, मग असले संशोधन करायचेच कशाला? मला वाटते करावे. २०११ साली कॉर्नेलचे मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोग छापले; माणसाला पुढचे आधीच थोडेसे कळते असा दावा होता. इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा परिणाम मिळाला नाही. पण बेम यांनी तर तेव्हा सर्वमान्य असलेल्याच पद्धती वापरल्या होत्या. म्हणजे पद्धतीच सैल होत्या. मानसशास्त्राने आपले घर झाडायला घेतले, त्याला हा एक मोठा धक्का कारणीभूत होता. हसून सोडले असते तर हे झाले नसते.

पण आपल्यासाठी, बंधू-भगिनींनो, पुनर्जन्माचा प्रश्न नुसता प्रयोगशाळेतला नाही. मागच्या जन्मीचे कर्म हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांना विहिरीवरून हाकलताना वापरले गेले आहेत. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, असे दोन वेगळे प्रश्न केले. तेच व्यक्तिमत्त्व, तोच आत्मा नव्या देहात जातो, हे त्यांनी मानले नाही. आणि पूर्वकर्माच्या सिद्धांताने गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजाच्या अंगावरून कशी झटकली जाते, ते स्पष्ट मांडले. म्हणून "विद्यापीठाने सिद्ध केले" हे वाचून आपल्यातल्या काहींच्या अंगाची आग होते ती मला समजते. माझीही झाली.

तरी इथे मला थोडे थांबावेसे वाटते. निष्कर्ष आवडत नाही म्हणून पुरावा पाहायचाच नाही, ही सवय ज्यांनी आपल्याला हाकलले त्यांची होती. समजा, उद्या ते कुलूप उघडले. मला त्याची शक्यता फार कमी वाटते, पण समजा उघडले. त्यातून अमका अमक्या जातीत जन्मला तो त्याच्या पापाने, हे कुठून निघते? आठवण पुढे जाते असे दिसले तरी शिक्षा पुढे जाते हे दिसत नाही, आणि शिक्षा करणारा तर कुठेच दिसत नाही. विहिरीवर ज्याने अडवले त्याचा हात तेव्हाही त्याचाच होता. आपली समता पुनर्जन्म नसण्यावर टेकलेली नाही. हे एकदा मनाशी पक्के झाले की ती फाइल शांतपणे वाचता येते, रागावण्याची किंवा भूत टाकण्याची गरज पडत नाही. याबाबत आपल्यापैकी काहींचे मत वेगळे असणार. पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.

दीघनिकायातले केवट्ट सुत्त आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. नालंद्याचा केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना म्हणतो, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करून दाखवा, गावाची श्रद्धा वाढेल. बुद्ध नकार देतात, आणि कारण काय देतात ते पाहण्यासारखे आहे. ज्याची श्रद्धा नाही तो म्हणेल, यात विशेष काही नाही, गांधारी नावाची विद्या असते, तिने हे करता येते. दुसऱ्याच्या मनातले ओळखून दाखवले तर म्हणेल, ही मणिका विद्या. म्हणजे चमत्कार पाहून मनुष्य काहीच शिकत नाही; पर्यायी स्पष्टीकरण नेहमीच हजर असते. बुद्ध त्या शंका घेणाऱ्यावर रागावत नाहीत, त्याची शंका स्वतः मांडून दाखवतात. खरे प्रातिहार्य शिकवणुकीचे, असे म्हणून ते पुढे जातात. आपण या सुत्ताचा अर्धा भाग उचलला, चमत्कार नाकारण्याचा. शिकवणुकीचा भाग, म्हणजे समोरच्या माणसापाशी बसून त्याला पुढचे पाऊल टाकता येईल असे काही देणे, तो आपण ग्रुपवर तरी सोडून दिला. किसागोतमी मेलेले मूल घेऊन औषध मागत फिरत होती तेव्हा लोक तिला वेडी म्हणाले. तथागतांनी तिला घरोघरी चौकशी करायला पाठवले. दुसऱ्या दारापासूनच तिला उमगायला लागले असेल की आपण एकट्या नाही.

त्या शनिवारी मी काकूंकडे गेलो. रीस यांचे आकडे एका कागदावर लिहून नेले होते. काकूंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारले, "या बाया मग काय करत होत्या?" मी म्हटले, "बहुतेक जणी काहीच नाही काकू. तशाच राहत होत्या." त्यांना ते पटल्यासारखे दिसले. दुकानाचे मी सांगण्याआधी त्यांनीच काढले. ती बाई आणखी १,२०० मागत होती. हूडिनीचा किस्सा मी सांगितला, तो त्यांना फार आवडला. म्हणाल्या, "थांब, मीच विचारते तिला."

पुढच्या आठवड्यात त्या खरोखर गेल्या, सोबत मला घेऊन. पैसे न देता नातवाने शिकवलेल्या इंग्रजीत विचारले, माझे यजमान मला घरात काय म्हणून हाक मारायचे? त्या बाईने डोळे मिटले, बराच वेळ घेतला आणि सांगितले, ते म्हणताहेत, आय लव्ह यू. काकूंना हसू आवरेना. बाहेर येऊन गाडीत बसल्यावरही हसत होत्या. "एक्कावन वर्षं संसार केला, एकदा म्हटलं नाही त्या माणसानं. मेल्यावर इंग्रजीत म्हणते!" मग रडल्या. गेलेले ७४० डॉलर परत मिळाले नाहीत. मुलाला त्यांनी स्वतः सांगितले. तो रागावला नाही.

ग्रुपवरचे ते भूत मी काढून टाकले. पण तिथे "हा मेसेज डिलीट केला" अशी ओळ राहतेच, ती आपण अजून पाहू शकता. गेल्या रविवारी विहारात, वंदनेनंतर चहाच्या वेळी, काकूंनी चार-पाच जणींसमोर काकांचे सांगितले. एक ताई म्हणाल्या की त्यांना वर्षभर स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या ऐकू यायच्या. मी बाबांची गोष्ट सांगितली, पन्नास मिनिटांसकट.

निघताना काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता कमी येतात रे ते. या महिन्यात दोनदाच." हे त्यांनी आनंदाने सांगितले की दुःखाने, ते मला ओळखता आले नाही. मी त्यांचा कोट धरला, त्यांनी बाह्या घातल्या आणि आम्ही पार्किंगकडे निघालो.